समुद्राची ओढ आणि लाल बावटा

यमुनेत मूर्तिविसर्जन बंद झाल्यापासून आपल्या दिल्लीचे बाप्पा कृत्रिम तलावातूनच गावाला जातात. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना समुद्र भेटतो तो सुट्टीत, गोव्याला किंवा कोकणात, चार दिवसांपुरता. समुद्राविषयी आजी-आजोबांना जे न शिकवता येत होते, ते या मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

कोकणातल्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तो तिथी विचारील आणि तिची पाऊणपट करील. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घड्याळात थोडा फरक पडतो, पण हिशेब पक्का. 7 सप्टेंबर 2025 रोजी गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचे विसर्जन कित्येक तास खोळंबले, ते आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले. त्या दिवशी पौर्णिमा होती. मूर्ती सकाळी चौपाटीवर आली तेव्हा पाणी चढत होते. भरतीत ती तराफ्यावर चढवता येईना. दुपारनंतर पाणी उतरल्यावर ते जमले आणि विसर्जन रात्री नऊच्या सुमारास झाले. आजोबांचे गणित अजून चालते ते असे.

मात्र या गणितात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे ओढ. माणसे बहुतेक तिच्यातच बुडतात. पूर्वी युरोप-अमेरिकेतही समजूत होती की पाणी पायाखालून माणसाला तळाशी खेचते. अमेरिकेतील समुद्रशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी 1936 मध्ये या समजुतीला हरकत घेतली आणि या प्रवाहाला ‘रिप करंट’ हे नाव सुचवले. हा प्रवाह माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेतो.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे समजायला सोपे आहे. रुळाच्या भरावाला पावसाचे पाणी तटले की ते मोरीकडे धावते, आणि मोरीच्या तोंडाशी त्याचा वेग पाहण्यासारखा असतो. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे बांध असतात. लाटा त्यांच्यावर फुटून पाणी आत लोटतात. ते पाणी परत जाताना बांधाला जिथे खिंड असेल तिथूनच निघते. ही त्यांची मोरी. खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा. नवखा माणूस मुलाला घेऊन नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो! एरवी या ओढीचा वेग चालत्या माणसाहून कमी असतो, पण जोर धरल्यावर सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकचा जलतरणपटूही साधारण तेवढ्याच वेगाने पोहतो. ओहोटीच्या वेळी पुष्कळ ठिकाणी हा जोर वाढतो.

हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम ऑस्ट्रेलियाने आधी केले. तिथे दिवसा समुद्रस्नानाला बंदी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सैल झाली, लोक पाण्यात उतरले आणि बुडू लागले. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 1907 मध्ये स्वयंसेवकांचे जीवरक्षक मंडळ उभे राहिले. 6 फेब्रुवारी 1938 च्या रविवारी तिथे लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे माणसे आत ओढली गेली. त्या दिवशी जीवरक्षक मोठ्या संख्येने हजर होते, म्हणून मृत्यू पाचच झाले. आपल्या गणेश मंडळांसारखीच वर्गणी आणि हौस, फक्त काम निराळे.

आपल्याकडे गोव्यात किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षकांची व्यवस्था 2008 मध्ये सुरू झाली. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहण्याची, लाल बावटा असेल तिथे पाण्यात जायचे नाही. इतर ठिकाणी आपण फार उशिरा जागे झालो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. समुद्रापासून दूर वाढलेली, आपल्या मुलांसारखीच मुले होती ती. 6 मे 2024 रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात पाच वैद्यकीय विद्यार्थी गेले. त्या वेळी उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेने आधी दिलेला होता. स्थानिक आकाश निरभ्र असतानाही अशा लाटा येतात, कारण त्या हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात जन्मलेल्या असतात. केरळात त्यांना ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र.

ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. त्यात माणूस थकतो आणि थकल्यावर बुडतो. उताणे तरंगावे, हात वर करावा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडून लाटा फुटतात तिथून परत यावे. काठावरच्याने मागोमाग उडी घेऊ नये. ट्यूब, रिकामा पाण्याचा कॅन, दोर, जे हाती लागेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. वाचवायला गेलेला बाप बुडतो आणि मुलगा वाचतो, असेही घडते.

मागे कळंगुटला आम्ही उभे होतो तेव्हा एक जीवरक्षक शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढत होता. जन्मभर लाल बावटा पाहून गाडी थांबवणाऱ्या खात्यात काढला, तरी माझा पहिला विचार असा की पाणी तर इथे शांतच आहे. घरची मंडळीही कुरकुरत होती. बाहेर आल्यावर त्याने बोटाने दाखवले. आम्ही उभे होतो बरोबर त्याच पट्ट्यातून वाळूने गढूळ झालेले पाणी आत चालले होते, आणि त्यावर कोणाची तरी चप्पल भराभर दूर जात होती.