हिरव्या ठिपक्याचं कूळ

नेट गेलं की घरातला जाणता माणूस आधी कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकून बघतो. केबल खोचली आहे तिथला हिरवा ठिपका पेटलेला दिसला की निकाल ठरलेला, आपल्याकडे सगळं ठीक, गडबड कंपनीची. गेल्या पावसाळ्यात मीही असाच निकाल देऊन कंपनीशी फोनवर हुज्जत घातली. दोष निघाला आमच्याच राउटरच्या सेटिंगमध्ये. ठिपका खोटं बोलला नव्हता. मीच त्याला भलता प्रश्न विचारला होता.

त्याला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याच्या जन्मकथेत आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी यंत्रं तारेनं एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटची सुरुवात केली, तेव्हा अशा दिव्याला कामच नव्हतं. सगळी यंत्रं एकाच कोअॅक्सियल केबलला लटकलेली. केबल शांत असली, तर कुणी बोलत नाहीये की आपणच तुटलोय, हे यंत्राला कळायचं कसं? पुढे बारीक केबल आली, तेव्हा तर टेबलाखाली कुणाच्या पायानं एक जोड निसटला की सगळी रांग बंद. मग दोष शोधत टेबलामागून टेबल धुंडाळायचं.

१९९० साली टेन-बेस-टी हे मानक आलं आणि चित्र पालटलं. टेलिफोनसारख्या पिळाच्या तारा, प्रत्येक यंत्राची हबपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीपर्यंत, स्वतंत्र वायर. आता वायरीला दोनच टोकं, म्हणून दोघांनी एकमेकांची चौकशी करणं शक्य झालं. पाठवायला काही नसेल तेव्हाही दर १६ मिलिसेकंदांच्या आसपास, सुमारे १०० नॅनोसेकंदांचा एक ठोका पलीकडे पाठवायचा, असा नियम झाला. रात्री गुरखा काठी आपटत जातो ना, तसंच. काठी ऐकू येते तोवर गस्त चालू आहे. समोरून ठोके येत राहिले की यंत्राच्या नेटवर्क कार्डावरचा दिवा पेटतो. आपला ठिपका या ठोक्याचं लेकरू आहे. कार्डापासून राउटरपर्यंतचीच खबर त्याला. त्यापलीकडच्या जगाशी त्याचं देणंघेणं नाही.

यात एक गंमत होती. पाठवायची तारांची जोडी वेगळी, ऐकायची वेगळी. त्यामुळे माझी पाठवायची जोडी तुटली, तरी माझा दिवा पेटलेलाच आणि हबवरचा मात्र विझलेला! म्हणून दिवे दोन्ही टोकांना पाहावे लागत. ती सवय आजही मोडू नये.

१९९५ साली १०० मेगाबिटचं इथरनेट आलं, तेव्हा एका ठोक्याच्या जागी ठोक्यांची माळ आली. ‘मला एवढा वेग झेपतो, तुला?’ ही बोलणी त्या माळेतूनच होतात. १९९९ साली तांब्याच्या तारेवर गिगाबिट आलं आणि त्याला चारही जोड्या लागू लागल्या. दाराच्या फटीत चेमटलेल्या केबलची एखादी जोडी गेली, तर बरीच कार्डं निमूटपणे १०० वर उतरतात. नेट चालतं, पण रखडत. अशा वेळी वेग दाखवणाऱ्या दिव्याचा रंग बदललेला दिसतो. रंगांना मात्र कायदा नाही. एका कंपनीचा नारिंगी तो दुसरीचा हिरवा, तेव्हा माहितीपत्रक पाहणं आलं.

आणि माहिती जाताना दिव्याची होणारी ती लुकलुक? गिगाबिटवर माहितीचं सगळ्यात छोटं पाकीट अर्ध्या मायक्रोसेकंदात जातं. एवढी चमक डोळ्यांना दिसणारच नाही, म्हणून कार्डावरची चिप ती मुद्दाम लांबवते. थोडक्यात, लुकलुक आपल्या समाधानासाठी आहे, तिच्यावरून वेग मोजायला जाऊ नका.

बाहेरच्या तारेची खबर हवी असेल तर ती फायबरच्या डबीवर मिळेल. तिथला ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर खुशाल कंपनीला फोन करा.