तीन शाहीर, एक फड

सभेला माणूस पोवाड्याने येतो, ठरावाने नव्हे. तेंदूपानाच्या हंगामात हे आपण चोरखमाऱ्याकडे पाहतोच. मुंबईच्या कामगारवस्तीत १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, ते हेच जाणून. अण्णा भाऊंनी तमाशातला गण बदलला. गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. आपल्या दंडारीच्या रसिकाला ही धिटाई चटकन उमजेल.

स्वातंत्र्यानंतर सरकारने बंदी घातली. फड विस्कटला, अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शब्द अण्णा भाऊंचे आणि गळा अमर शेखांचा, असे पुन्हा घडले. वेगळे झाले ते फडातून, लढ्यातून नव्हे. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले. सहा आठवड्यांत अमर शेखही.