पूर, पांढरी आणि मुकी जनावरे

जीवदया हा जैन धर्माचा प्राण आहे. मुंबईत 1834 साली शेठ अमीचंद शहा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरापोळ संस्था उभी राहिली, हे समाजाला ठाऊक आहेच. परंतु पुरापासून गुरे वाचवणाऱ्या मातीच्या उंचवट्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

तीर्थपुरीच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. गोदाकाठच्या जुन्या गावांत काळ्या रानापेक्षा गावठाणाची पांढरी उंच असते. पडलेल्या घरांची माती, राख आणि शेण यांचे थर शतकानुशतके साचून ती वाढली. वतनदारांच्या गढ्या त्याहून उंच. ही उंची मुद्दाम पुरासाठी केली असे नव्हे. गढीचा हेतू बंदोबस्ताचा होता. तरीही नदी फुगली की गुरे वर हाकायला हीच जागा असे. मुद्दाम रचलेले काम पाहायचे तर घोड नदीकाठच्या इनामगावकडे वळावे लागते. डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात तेथे तीन हजार वर्षांपूर्वीचा, पुराचे पाणी वळवणारा बांध आढळला.

हॉलंडच्या फ्रीसलंड भागात समुद्राच्या भरतीपासून बचावासाठी लोकांनी चिखल व शेणाचे टेकाड रचून त्यावर वस्ती केली. रोमन लेखक प्लिनी याने अशा टेकाडांवरील लोकांपाशी गुरे नसतात, असे लिहून ठेवले. विद्वानही चुकतात! एझिंगे येथे 1923 ते 1934 दरम्यान व्हान गिफेन यांनी खोदकाम केले, तेव्हा एकाच छपराखाली माणसांची घरे आणि गोठ्यांतील कप्पे निघाले.

बांगलादेशात 1970 च्या भीषण चक्रीवादळानंतर किनाऱ्यालगत ‘किल्ला’ नावाचे मातीचे सपाट माथ्याचे ढिगारे घातले गेले. त्यांच्या बाजूंना उतार असतो, कारण म्हैस जिना चढत नाही.

फ्रीसलंडची टेकाडे एकोणिसाव्या शतकात सुपीक मातीसाठी खणून विकली गेली. इकडे धाब्याच्या घरांसाठी गढ्यांची पांढरी माती अशीच उकरली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात महापूर आला, तेव्हा अनेक ठिकाणी जनावरे दावणीलाच दगावली.