शिक्षकाचे स्थैर्य आणि शाळेचे दार : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाडच्या इतिहासात चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मिळणारे स्थान यथायोग्यच आहे. तथापि २० मार्च १९२७ रोजी तळ्याकडे निघालेल्या समुदायाचे नेतृत्व करणारी साक्षर पिढी कोठून आली, तिला कोणी शिकविले आणि शिकविणारा कोणाच्या पगारावर जगत होता, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. सर्वांना शाळेत प्रवेश देणारे आदेश वारंवार निघाले. त्यांची अंमलबजावणी मात्र शिक्षक गावातील प्रतिष्ठितांपासून कितपत स्वतंत्र आहे, यावर अवलंबून राहिली. प्रस्तुत लेखात कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

हा संबंध स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय महात्मा फुले यांच्याकडे जाते. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, अशी मागणी केली. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे दिल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले. त्याच निवेदनात शेतकरी वर्गातून शिक्षक यावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, असा आग्रह आहे. शिक्षकाचा पगार आणि शाळेची सर्वसमावेशकता हे फुल्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

लष्करी शाळा आणि पेन्शनर :
दक्षिण कोकणात याचे प्रत्यंतर अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे लष्करात मिळते. कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई व त्यांची मुले यांच्यासाठी शाळा असत. तेथील शिक्षकाला पगार, हुद्दा आणि निवृत्तिवेतन होते आणि त्याची जात कोणतीही असली तरी गावच्या खोताकडे त्याला पाहावे लागत नसे. रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतले व सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, महाडच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करी पेन्शनरच. अस्पृश्यतेवर टीका करणारे 'विटाळ विध्वंसन' त्यांनी १८८८ मध्ये लिहिले आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. दापोलीच्या महार पेन्शनरांनी १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. हाती आला तो व्हरांडा. तरी असा अर्ज करण्याचे धैर्य निवृत्तिवेतनाशिवाय कितपत आले असते, हे सांगणे कठीण आहे.

याच दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. वलंगकरांनी तिच्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले, त्याचा उपयोग झाला नाही. नोकरीबरोबर शिक्षकी पेशाचा हा मार्गही बुजला. १९२७ च्या महाड परिषदेत अध्यक्षस्थानावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लष्करभरती बंद होण्याचा प्रश्न एवढ्या अगत्याने का मांडला, हे या पार्श्वभूमीवर उमगते.

महाडची इंग्रजी शाळा :
आर. बी. मोरे यांच्या आत्मकथनातील प्रसंग या संदर्भात विशेष बोलका आहे. १९०३ मध्ये जन्मलेले मोरे १९१४ च्या सुमारास शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. इमारतीच्या मालकाचा विरोध होईल, ही अडचण होती. अकरा वर्षांच्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले, ते छापून आले आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. बसण्याची जागा मात्र वर्गाबाहेर, खिडकीपाशी मिळाली. या प्रसंगात शिक्षकांना केवळ सनातनी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. घरमालकाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या शाळेतील शिक्षकाला नियम माहीत असूनही तो पाळता येत नव्हता, ही बाजू त्यामुळे सुटते. (ती सांगितल्याने खिडकीबाहेर बसलेल्या मुलावरील अन्याय तसूभरही कमी होत नाही.) याच मोऱ्यांनी पुढे महाड परिषदेच्या संघटनेत पुढाकार घेतला.

सीताराम केशव बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव पाणवठ्यांइतकाच सरकारी शाळांनाही लागू होता, याचा सहसा विसर पडतो. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सहकारी लाभलेल्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. परंतु १९२३ च्याच प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला आणि शिक्षक पुन्हा स्थानिक वर्चस्वाच्या कक्षेत आला.

स्वातंत्र्योत्तर काळ :
१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर वेतन व सेवाशर्ती राज्यभर एकसारख्या झाल्या आणि गावच्या मर्जीपासून शिक्षक बऱ्याच अंशी सुटला. आता अडचणीचे स्वरूप बदलले होते. सावित्रीच्या खोऱ्यात व आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी विखुरलेल्या वाड्यांवर शिक्षक टिकणे हाच प्रश्न झाला. राज्याच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणात 'अवघड क्षेत्र' हा वर्ग स्वतंत्रपणे मान्य करण्यात आला. येथे अवघडपणा केवळ अंतराचा नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांवर आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड कोसळली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामांपासून संरक्षण देते, मात्र जनगणना व निवडणुकीप्रमाणे आपत्ती निवारण त्याला अपवाद आहे. म्हणजे ज्या शिक्षकाचे विद्यार्थी दरडीत सापडले, मदतकार्याची जबाबदारीही त्याच्यावरच येऊ शकते. त्याच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार सेवाशर्तींत कोठे आढळत नाही.

दुसरीकडे २००० पासूनच्या शिक्षण सेवक योजनेने नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर आणली. ('मानधन' या शब्दातील मान येथे शोधावाच लागतो.) प्राथमिक स्तरावरील ही रक्कम २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झाली. दिव्यांग मुलांच्या सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने निश्चित केली, पण ते काम करणारे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची नियमित पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत एका केंद्राच्या शाळा किती दूरवर पसरलेल्या असतात, हे पाहता एका पदाच्या वाट्याला येणारी पायपीट हिशेबात धरावी लागेल.