सायकली पुणेकरांनी बुडवल्या नाहीत

पुण्यातल्या भाड्याच्या सायकलींचा विषय निघाला की निकाल तयारच असतो: योजना चांगली होती, माणसे वाईट निघाली. ‘आपल्या लोकांची लायकीच नाही’ असे कुणीतरी म्हणते, बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. पुरावाही हाताशी असतो. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने सायकली आल्या. पुढच्या वर्षी ओफो, युलू, मोबाइक अशा कंपन्यांची रीघ लागली. मग सीट उपटलेल्या, नदीत फेकलेल्या, सोसायटीच्या जिन्याखाली घरचे कुलूप ठोकून ठेवलेल्या सायकलींच्या बातम्या आल्या आणि पाहता पाहता सगळे आवरले गेले.

बातम्या खऱ्या होत्या. चोरी झाली, मोडतोडही झाली. पण योजना त्यानेच बुडाली, हे कशावरून?

ओफोने भारतातून काढता पाय घेतला तो जुलै २०१८ मध्ये. त्याच सुमारास तिने जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि इस्रायलमधूनही गाशा गुंडाळला. पुणेकरांच्या बेशिस्तीमुळे बर्लिनमधला कारभार आटोपला, असे म्हणायला कट्टर पुणेद्वेष्टाही धजावणार नाही. मोबाइकने २०१९ मध्ये भारताबरोबर सिंगापूरही सोडायचे ठरवले. शिस्तीचा दाखला म्हणून आपण ऊठसूट ज्याचे नाव घेतो, तेच हे सिंगापूर. रोगाचे मूळ होते या दोन्ही कंपन्यांच्या घरी, चीनमध्ये. गुंतवणूकदारांच्या पैशांवर रस्ते सायकलींनी भरून टाकायचे, भाडे नाममात्र ठेवायचे, अनामत रक्कम गोळा करायची आणि प्रतिस्पर्धी आधी दमेल याची वाट पाहायची, असा तो धंदा होता. एकट्या शांघायमध्ये सायकली पंधरा लाखांच्या घरात गेल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिथल्या प्रशासनाने नव्या सायकली उतरवायला बंदी केली. नोव्हेंबरात ब्लूगोगो ही मोठी कंपनी कोसळली. २०१८ च्या अखेरीस ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. घरीच दिवाळे वाजत असताना पुण्यातल्या सायकलीची चेन कोण बदलणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मँचेस्टरमधून सप्टेंबर २०१८ मध्ये मोबाइक गेली ती चोरी आणि नासधुशीचे कारण देऊनच. गोबी.बाइक नावाच्या कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्स सोडला, तेही याच कारणाने. म्हणजे चोरीने योजना बुडतात, हे सिद्धच झाले की!

नाही झाले. त्याच फ्रान्समध्ये, पॅरिसला, २००७ पासून वेलिब ही भाड्याच्या सायकलींची योजना चालू आहे. तिच्याही हजारो सायकली पहिल्या दोन वर्षांतच चोरीला गेल्या, मोडल्या, काही सेन नदीत सापडल्या. चोर त्याच देशातले, नदीही गावातलीच. तरी एक योजना काही महिन्यांत संपली आणि दुसरी ठेकेदार बदलून, धक्के खात का होईना, टिकली. मग फरक माणसांत कसा असेल? फरक आहे तो नुकसान कुणाच्या खात्यात पडते यात. वेलिबच्या पहिल्या ठेकेदाराला सायकलींच्या बदल्यात शहरातल्या जाहिरात फलकांचे हक्क मिळाले होते, आणि चोरी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर बदली सायकलींच्या खर्चाचा वाटा पॅरिसच्या महापालिकेने उचलायचे कबूल केले. नुकसान होणार हे गृहीत होते. ते भरून कोण काढणार हे कागदावर आले होते.

आपल्याकडे उलट अभिमान होता: पालिकेला यात एक रुपयाही घालावा लागत नाही! फुकटची योजना म्हणून टाळ्या पडल्या; फुकट कसे परवडते हे कुणी विचारले नाही. जरा हिशेब मांडून पाहू. सकाळी सगळा ओघ एका दिशेला असतो. वसतिगृहाकडून वर्गाकडे, बसथांब्याकडून कचेरीकडे. दहा वाजता एका टोकाला सायकलींचा ढीग, दुसऱ्या टोकाला एकही नाही. त्या परत नेऊन ठेवायच्या तर टेम्पो हवा, चालक हवा, उचलायला दोन माणसे हवीत, डिझेल हवे. पंक्चर, ब्रेक, बिघडलेले कुलूप हे वेगळेच. आणि एका फेरीचे भाडे कटिंग चहाइतकेही नाही. हा खर्च भाड्यातून निघत नाही. म्हणून टेम्पो फिरत नाहीत, सायकल हवी तिथे मिळत नाही, आणि मिळाली की माणूस ती जिन्याखाली नेऊन बांधतो. मी चोरीची वकिली करत नाही. पण सकाळी सायकल हमखास मिळणार असेल, तर घरचे कुलूप लावायची गरज किती जणांना वाटेल?

मग कुठेही सोडायच्या सायकलींऐवजी स्थानकावरच्या ठोकळ्यात अडकवायच्या सायकलीच आणा, असा दुसरा सल्ला मिळतो. म्हैसूरच्या ‘ट्रिन ट्रिन’ या सायकल योजनेने २०१७ मध्ये तो मार्ग धरला. पण स्थानके बांधायला पैसा आणि जागा, दोन्ही लागतात, आणि एकदा बांधलेले स्थानक हलत नाही. सिंगापूरने २०१८ मध्ये कायदा करून मधला मार्ग काढला. पदपथावर पिवळ्या रंगाने चौकट आखायची, तिथे क्यूआर कोड लावायचा. तो स्कॅन केल्याशिवाय फेरी संपायची नाही. फोनमधले जीपीएस काही मीटर चुकते, कोड चुकत नाही. चौकटीबाहेर सायकल सोडली तर पाच डॉलरचा भुर्दंड. वर्षात तीनदा सोडली तर सगळ्याच कंपन्यांची दारे महिनाभरापर्यंत बंद. कंपनीने किती सायकली आणायच्या हे परवाना ठरवतो, आणि आधीच्या नीट वापरल्या जात असतील तरच पुढच्या मिळतात. रिक्षाला परवाना आणि थांबा लागतो, मग सायकलीला का नको?

पुण्यात ही चौकट आखली तर तासाभरात तिच्यात दोन स्कूटर आणि एक बुलेट उभी राहील, हे मला मान्य आहे. सायकल ट्रॅकचे काय होते ते आपण रोज बघतो. पण ती वाहने उचलणे हे पालिकेचे आणि वाहतूक पोलिसांचे काम आहे, सायकल कंपनीचे नाही. म्हणजे पुन्हा आपण प्रशासनाच्याच दाराशी येतो. ‘लोकांची लायकी’ काढून ते दार बंद होते आणि ज्यांनी उत्तर द्यायचे ते मोकळे सुटतात.

शहराला सायकली हव्या असतील तर बस चालवतो तसे त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवावे लागतील, आणि ठेकेदाराला सायकलींच्या संख्येवर नव्हे, तर हव्या त्या वेळी हव्या त्या जागी चालू स्थितीत सापडलेल्या सायकलींवर मोबदला द्यावा लागेल. नवा प्रस्ताव महापालिकेपुढे आला की आपल्या नगरसेवकाला एकच विचारा: टेम्पोचा खर्च कोण देणार? उत्तर ‘कंपनी बघेल’ असे आले, तर प्रस्तावाच्या विरोधात मत द्यायला सांगा.