दुकानात नसलेला सिनेमा

नायगावला उतरून उमेळ्यापर्यंत आलो तेव्हा आमच्या पिशवीत एकच वस्तू होती. ही बघा. ‘सामना’ची व्हीसीडी. व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटं मावायची, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांवर. पहिली चालते. दुसरीचा चंदेरी थर कडेने उडालाय, आणि मास्तर व हिंदुरावांचा खरा सामना नेमका तिच्यावर. (हशा)

१९७५चा हा चित्रपट. निर्माते कवी रामदास फुटाणे, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. बेपत्ता माणसाचा माग काढणं हा ज्याचा विषय, त्याच्याच प्रतीचा माग काढत आम्ही दोन वर्षं फिरलो. दुकानदार म्हणतात, ‘माल येत नाही, सर.’ मुंबईतलं ऱ्हिदम हाउस तर २०१६लाच बंद झालं. शेमारूने १९६२ साली पुस्तकांच्या फिरत्या वाचनालयापासून सुरुवात केली आणि १९७९ साली कॅसेटी भाड्याने द्यायला घेतल्या. पुस्तकासारखा चित्रपटही घरी नेता येतो, हे आपल्या पिढीला तेव्हा कळलं. पण जुनं पुस्तक रद्दीत सापडतं. कॅसेट रद्दीवालासुद्धा घेत नाही.

आता थोडं आमच्या विषयाकडे वळतो, रागावू नका. वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं. अभाव नुसता ‘नाही’ नसतो. कशाचा आणि कुठे, हे सांगावं लागतं. घट फुटला, तो प्रध्वंसाभाव. पण या जमिनीवर घट नाही, एवढ्यावरून तो शेजारच्या खोलीतही नाही असं ठरत नाही. ८ जानेवारी २००३ला पुण्यात आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या, ‘प्रभात’च्याही. तो प्रध्वंस. ‘घाशीराम कोतवाल’चं तसं झालं नाही. १९७६ साली युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी तो केला. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. ओम पुरी घाशीराम, मोहन आगाशे नाना. इथे तो वर्षानुवर्षं दिसेनासा झाला, आणि प्रत होती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे! तिच्यावरून डिजिटल प्रत तयार होऊन २०१४ साली तो पुन्हा पडद्यावर आला. आपण मात्र तो गेलाच असं धरून बसलो होतो.

‘नेटवर बघा ना,’ असं आमचा नातू म्हणतो. बघतो की. पण तिथली प्रत कोणी, कशावरून केली, किती कापली, हे कसं कळणार? तबकडीच्या वेष्टनावर निदान कंपनीचं नाव आणि कालावधी असतो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला साधारण २७.४ मीटर सरकते. म्हणजे ३००० मीटरला १०९ मिनिटं. कॅसेटवर तीच १०५ भरली तर कंपनीवर कात्री चालवल्याचा आरोप करू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आपली व्हिडिओ पद्धत २५ची, त्यामुळे तो जरा धावतो. ९० भरली तर मात्र विचारा.

कायद्याचंही बघा. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे ‘सामना’चा २०३५ अखेरपर्यंत. तोवर हक्कदार नवी प्रत काढणार नसेल आणि दुसऱ्या कोणाला काढता येत नसेल, तर मधली वर्षं जुन्या तबकड्यांनीच काढायची. आम्हाला हे पटत नाही. हक्कदाराचा हक्क मान्य, पण प्रत जिवंत ठेवायची जबाबदारी कोणाची?

तुमच्या माळ्यावर कॅसेटी असतील. वसईची हवा दमट, त्यांना बुरशी लागते. पांढरे ठिपके दिसले तर लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत खराब होईल आणि यंत्रही. वेष्टनावरचा मजकूर मात्र आजच उतरवून ठेवा.

आणि हो, ‘सामना’ची दुसरी तबकडी कोणाकडे चालती असेल, तर चहाच्या वेळी आम्हाला भेटा.