छायाचित्रांतील कोरे आकाश

सुरतेतील जुन्या मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यांत टांगलेली छायाचित्रे लक्षपूर्वक पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. अंगणात बसलेल्या मंडळींची पागोटी, उपरणी, लुगड्यांचे काठ, फार काय, पायांतल्या जोड्यांची शिवणदेखील स्पष्ट असते. मात्र कौलांच्या वर, जेथे आकाश असावयास हवे, तेथे नुसता कोरा कागद. आणि स्त्रियांच्या कपाळावरील कुंकू काजळासारखे काळे. लहानपणी आम्हांस वाटे, त्या काळी कुंकू काळेच लावीत असावेत.

या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियनच्या काचांची रीत प्रसिद्ध केली व ती लवकरच जगभर पसरली. त्या काचेवरील चांदीच्या क्षारांना निळा व जांभळा प्रकाश तेवढा भावत असे. तांबड्याची त्यांना दादच नसे. म्हणून कुंकू काळे. उलट निळे आकाश काचेवर इतक्या वेगाने उमटे की खालची माणसे आणि घरे नीट उमटेपर्यंत ते पार जळून जाई. निगेटिव्हवर आकाशाचा भाग काळाकुट्ट आणि वर डाग पडलेला, असा प्रकार होई. मग पुष्कळ छायाचित्रकार त्यावर काळा रंग फासून ते सपाट पांढरे करून टाकीत. म्हणजे आपण पाहतो ते कोरेपण पुष्कळदा हातानेच पुरे केलेले असते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही आपल्याकडील आरंभीची नावे. त्यांनाही हीच अडचण होती. परदेशी मंडळींनी तीवर निरनिराळ्या युक्त्या काढल्या. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे यांनी १८५७ च्या सुमारास समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि ढगांची वेगळी घेऊन दोन्ही क्षितिजरेषेवर सांधली. एकच ढगांचा पट त्यांनी निरनिराळ्या समुद्रांवर वापरला, हेही आज तज्ज्ञांना ठाऊक आहे! १८५५ मध्ये ब्रह्मदेशात व पुढे मद्रास इलाख्यात छायाचित्रे घेणारे कॅप्टन लिनियस ट्राइप तर निगेटिव्हवर रंगाने ढग काढीत. तेव्हा आकाशात ढग भरण्याचा उद्योग संगणकाने सुरू केला, हा समज चुकीचा आहे.

खरा उपाय रसायनशास्त्राने दिला. १८७३ मध्ये बर्लिनचे हेर्मान फोगेल यांना आढळले की काचेवरील लेपात विशिष्ट रंग मिसळला असता तिला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचीही जाण येते. १९०६ च्या सुमारास सर्व रंगांस प्रतिसाद देणाऱ्या काचा इंग्लंडमध्ये विक्रीस आल्या. भिंगावर पिवळी काच लावली की निळे आकाश दबू लागले आणि ढग उमटू लागले.

आपल्या गुजरातेशी या विद्येचा निकटचा संबंध आहे. सुरतेचे सुपुत्र प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढले. तेथेच धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रण शिकले व पुढे गोध्र्यास त्यांनी स्टुडिओ थाटला. याच गज्जरांची दुसरी एक कीर्ती आमच्या विषयाला फार उपयोगी पडते. १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. तो काळा डाग निघता निघेना. तो गज्जरांनी रसायनशास्त्राच्या बळावर काढला. चापेकरांविषयीचा आदर मनात ठेवूनही रसायनशास्त्री म्हणून गज्जरांचे कौतुक करावेसे वाटते. पण ते काढू शकले, कारण डांबराखाली संगमरवर शाबूत होता. जळालेल्या आकाशाचे तसे नसते.

संगणकातील चित्राच्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात, साधारणतः ० ते २५५ पर्यंतचे. तिन्ही २५५ झाले की पांढरे. त्यापलीकडे काय होते याची नोंदच नाही. एखादा आकडा शिल्लक असेल, तर त्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो. कॅमेऱ्यातील 'रॉ' फाइलमध्ये १२ किंवा १४ बिटांची माहिती, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. म्हणून तीतून पुष्कळदा आकाश परत मिळते. फिल्मच्या निगेटिव्हचे आणखी निराळे. तेथे अति प्रकाशाने दाट झालेल्या भागातही बहुधा काहीतरी दडलेले असते, आणि अंधाऱ्या खोलीत त्या भागास जास्त वेळ प्रकाश देऊन ते बाहेर काढता येते. यास्तव निगेटिव्ह घरी असेल तर कागदावरील प्रतीऐवजी तीच स्कॅन करावी, एवढे आवर्जून सांगतो. आणि नवे चित्र घेताना आकाशाच्या बेताने प्रकाश थोडा कमीच घ्यावा. सावलीतले चेहरे मागाहून उजळता येतात, जळालेले ढग येत नाहीत.

२००६ च्या ऑगस्टमधील तापीच्या महापुराने आपल्यापैकी कित्येकांचे आल्बम नेले. उरलेले संगणकात उतरविण्याचे काम घरोघरी चालू आहे. आमच्या घरीही झाले. आजोबांचे वाड्यापुढील चित्र नातवाने मोठ्या हौसेने दुरुस्त करून आणले: वर काळेभोर मेघ दाटलेले! २०२० सालापासून फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोयच झाली आहे; एका कळीचे काम. चित्र देखणे झाले होते, यात शंका नाही. पण आजोबांच्या पायांखालची सावली धारदार, भर उन्हाची. त्या उन्हावर तो पावसाळा बसेना. नातवास ते दाखविले तेव्हा त्याने पुष्कळ वेळ सावलीकडे पाहिले आणि म्हणाला, "मग किती वाजले असतील हो, आजोबा?" त्यावर आम्ही दोघांनी मिळून अदमास केला, तो दुपारी बाराच्या आसपासचा निघाला. मेघांच्या नादात एवढी माहिती हातची गेली असती.

सरकारी दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आमच्या हाडीमाशी एक शिस्त भिनली आहे. नोंदीत दुरुस्ती करावयाची तर मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारावयाची आणि शेजारी सही-तारीख घालावयाची. खाडाखोड केलेला कागद आम्ही परत पाठवीत असू. घरच्या चित्रासही तोच नियम लावला. मेघांची प्रत नातवाच्या आग्रहाखातर ठेवली. तिच्या पाठीवर त्याच्याच हस्ताक्षरात 'आकाश नंतर भरले' असे लिहवून घेतले आणि खाली सही करविली. कोऱ्या आकाशाची प्रत दिवाणखान्यात पूर्वीच्याच खिळ्यावर आहे.